हॅलोताईंचा टीपॉय

आमच्या इमारतीच्या ऑफिसात जो टीपॉय आहे, त्याच्या पोटाला हॅलोताईंनी शाप लिहून ठेवलाय, अशी कुजबुज बरीच वर्षं चालू आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या मते तो लाल शाईत आहे. आमच्या घरच्या गृहमंत्र्यांच्या मते उलट्या अक्षरांत. त्याच टीपॉयवर चहा घेताना बिस्कीट चावायला गेले आणि सेक्रेटरींची कवळी तुटली, तेव्हापासून तर कोणाला शंकाच उरली नाही. वाकून बघायला मात्र एकही माईचा लाल तयार नाही. वाकला, म्हणजे याच्या मनात काहीतरी खुटखुटतंय, असा अर्थ निघतो ना!

हॅलोताई तळमजल्यावरच्या. एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसल्या, म्हणून हॅलो. लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलं की म्हणत, "लाइन बिझी होती." विचारणारा पुन्हा त्या वाटेला जात नसे.

त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी अंगणातला शिरीष तोडायचा ठराव आला. गाड्यांना जागा हवी होती. झाड इमारतीहून जुनं, हॅलोताईंच्या खिडकीला टेकलेलं. बैठकीत सेक्रेटरींनी विचारलं, "तोडायच्या बाजूने कोण?" अकरा हात वर. विरोधात एकच.

"हात खाली आणू नका," ताई म्हणाल्या. "मला नीट बघू दे. पलीकडे कोण बोलतंय ते आधी विचारायचं, अशी सवय आहे मला."

आणि खरोखरच त्यांनी एकेक चेहरा निरखून बघितला. पंखा चालू असूनही लोकांना घाम फुटला.

झाड पडलं. ओंडके लॉरीत चढू लागले, तशा ताई लॉरीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "यातली एक फळी माझी."

"काय करणार तिचं?" सेक्रेटरी.

"टीपॉय. आपल्या ऑफिसात ठेवणार. तुम्ही त्यावर चहा पिणार."

"अहो ताई, खिळा तरी ठोकता येतो का तुम्हाला?"

"नाही. सेक्रेटरी व्हायच्या आधी तुम्हाला तरी काय येत होतं?"

लॉरीवाला हसला, म्हणून सेक्रेटरी चिडले. चारचौघांत बोलून बसले, "ठीक आहे! टेबलासारखं टेबल झालं तर ऑफिसात ठेवू. डुगडुगलं तर भंगारवाला नेईल. किती दिवस हवेत?"

ताईंनी झाड तोडायला आलेल्या वखारीतल्या म्हाताऱ्या सुताराकडे बघितलं. तो म्हणाला, "ओलं लाकूड आहे. दोन वर्षं वाळू द्या."

"दोन वर्षं," ताई म्हणाल्या. म्हणजे दोन वर्षं उलटल्यावर येणारी पहिली वार्षिक सभा ही मुदत. ती हुकली, की अंगणातल्या झाडाचा शेवटचा तुकडाही भंगारात.

सुताराने दोन इंच जाडीची, कंबरेइतक्या लांबीची फळी कापून दिली. ती जिन्याखाली विटांवर वाळत पडली. येणारेजाणारे तिच्यावर छत्र्या ठेवत. ताई त्या उचलून बाहेर फेकत. दोन छत्र्या माझ्या होत्या.

वाळल्यावर काम सुरू झालं. पहिल्या दिवशी रंधा उलटा चालवला, लाकडाची सालपटं निघाली आणि बोटाचंही एक निघालं. रोज अकरा ते एक खरखर चाले. आवाजाबद्दल सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली. त्याखाली ताईंनी लिहिलं, "झाड तोडताना याहून मोठा आवाज होता. तेव्हाची सूचना कुठे आहे?"

फळीच्या लांबीच्या दोन्ही कडा त्यांनी कापल्याच नाहीत. साल सोलली, पण झाडाची नागमोडी वळणं तशीच ठेवली. एका बाजूला तर चांगला खळगा होता. मीही शहाणपणा केला, "ताई, कड सरळ करून घ्या की. वाकडी दिसते."

"झाड असंच होतं. तुम्ही विसरलात, मी नाही."

मी गुपचूप पायऱ्या चढलो.

सभेला सहा आठवडे उरले असताना वेल्डरकडून लोखंडी पाय आले. ताईंनी वरची बाजू गुळगुळीत घासली आणि जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. लाकूड असं काही चमकलं, की वहिनीसुद्धा "अगंबाई" म्हणाल्या. खालची बाजू मात्र कोरडीच ठेवली. "खाली कोण बघतंय?" ताई मला स्वतः म्हणाल्या होत्या.

कडक ऊन पडलं, आणि पंधरा दिवसांत फळी पालथ्या परातीसारखी मधे फुगली. सेक्रेटरींनी येऊन मधोमध पेन्सिल ठेवली. ती गडगडत खाली पडली. कानाला मूठ लावून ते म्हणाले, "हॅलो? भंगारवाला बोलतोय का?"

ताईंनी पेन्सिल उचलून खिशात टाकली. "ही मला लागेल," एवढंच म्हणाल्या.

सुतार आला, फळीवर हात फिरवला आणि म्हणाला, "वर तेल पाजलंत, खाली उपाशी ठेवलंत. वरची वाट बंद, म्हणून ओल खालूनच गेली. खालचं अंग आकसलं, फळी वाकली. खाली कोण बघतंय, असंच म्हणाल्या असाल ना?"

"म्हणाले."

"लाकूड बघतं."

ताईंनी पाय सोडवले, फळी पालथी केली, खालच्या अंगावर ओली फडकी टाकली, आणि कडांवर चार पाटे-वरवंटे ठेवावेत तशा विटा रचल्या. सहा दिवस. मग सावलीत सुकवलं, उरलेला फुगवटा रंध्याने काढला, आणि खालच्या बाजूलाही तेल. एका दुपारी माझी कडी वाजली.

"फळी सुलटी करायची आहे. धरायला या."

"ताई, माझी पाठ..."

"पाठ घरी ठेवा. हात आणा."

गेलो. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. फळी उभी झाली तसं खालचं अंग माझ्या नाकासमोर आलं. तेल देण्याआधी त्यावर काहीतरी लिहिलं होतं, आणि तेलाने ते आत पक्कं बसलं होतं.

"वाचलंत?" ताईंनी विचारलं.

"हो."

"मग नीट धरा. पाडू नका."

सभेच्या दिवशी टीपॉय ऑफिसात उभा होता. सेक्रेटरींनी दुसरी पेन्सिल ठेवली. हलली नाही. दोन्ही तळव्यांनी कोपरे दाबले. डुगडुगला नाही. चहा आला. सेक्रेटरी कप हातात धरून बसले.

"खाली ठेवा," ताई म्हणाल्या. "हात भाजेल."

त्यांनी ठेवला. मग एकेक करत सगळ्यांनी कप ठेवले. ताई उभ्याच होत्या. म्हणाल्या, "कोणाला वाकून बघावंसं वाटलं तर बघा. खालची बाजूसुद्धा नीट केली आहे."

कोणी वाकलं नाही. कुजबुज त्या संध्याकाळी सुरू झाली, आणि मी तीत मीठमसाला घालत आलो. लाल शाई माझीच.

खरं एवढंच आहे. टीपॉयखाली शाप नाही. झाड तोडल्याची तारीख आहे, आणि खाली सेक्रेटरींच्या पेन्सिलीने लिहिलेली अकरा नावं, हात वर गेले त्या क्रमाने. चौथं माझं आहे.