गवत कापण्याआधी

"टोपी काढली. बघून ठेवा."

एवढं म्हणून ते थांबायचे. उजव्या हाताच्या चिमटीत काळ्या रबराची टोपी, तिला जोडलेली वायर आणि पुढ्यात गवत कापायचं पेट्रोलवरचं मशीन. त्या वेळी जवळून जो कोणी जात असेल, मग तो दूधवाला असो की सकाळी चालायला निघालेले आजोबा, त्याने "बघितलं" असं म्हणायचं. त्याशिवाय ते मशीनच्या पोटाखाली हात घालत नसत. त्या टोपीतून प्लगला ठिणगी मिळते. ती काढलेली असली की साफ करताना पातं हाताने फिरलं तरी इंजिन चुकून सुरू होत नाही. आमच्या सोसायटीत हे लहानथोर सगळ्यांना पाठ झालं होतं. सोसायटीचा दुसरा कुठलाही नियम कुणाला पाठ असल्याचं माझ्या कानावर नाही.

हे आमचे माळीकाका. कल्याण पश्चिमेला, मोहन्याच्या रस्त्याला आमची सात इमारतींची सोसायटी आहे आणि मधोमध लॉन आहे. मी तिथला सेक्रेटरी. निवडणुकीच्या सभेला मी एकटाच गैरहजर होतो, त्यामुळे एकमताने निवडून आलो. काका साठी ओलांडलेले, बारीक, पाठीत जरा वाकलेले. मूळचे जुन्नरकडचे, पण ऐन तरुणपणी मोहन्याला आले आणि एका कारखान्याच्या बंगल्यांच्या बागेत सव्वीस वर्षं राबले. ते काम संपल्यावर आमच्याकडे आले.

मशीन आलं त्या दिवशी दुकानाच्या माणसाने एका झटक्यात दोरी ओढून ते सुरू केलं, चार हात गवत कापून दाखवलं आणि तो गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मशीनबरोबरची पुस्तिका अध्यक्षांनी कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. आमचे अध्यक्ष निवृत्त अभियंते. कुठलीही यंत्राची पुस्तिका वाचणं हा ते स्वतःचा अपमान समजतात. काकांनी ती पुस्तिका तीनदा मागितली आणि तिसऱ्या वेळी मिळवली.

"इंग्रजी वाचता येतं, काका?" मी विचारलं.

"नाय. पण चित्रं हायेत. ज्या चित्रावर काट मारलीय ते करायचं नाय. एवढं कळतं."

त्यांचं गवत कापणं बघायला तुम्ही आला असतात तर पहिला अर्धा तास तुम्हाला गवत कापताना कोणी दिसलंच नसतं. आधी ते बादली घेऊन अख्खं लॉन पायी फिरायचे. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मान खाली घालून. खडे, नारळाच्या करवंट्या, तुटलेल्या स्टंपचे तुकडे, पतंगाचा मांजा, केसांच्या पिना. पात्याखाली गेलेला खडा गोळीसारखा सुटतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्या जिन्यातल्या एका आजींची हरवलेली कवळीसुद्धा त्यांनी अशीच शोधून दिली. आजींनी ती आपली नसल्याचं सगळ्यांसमोर सांगितलं आणि संध्याकाळी गुपचूप नेली.

मग ऑइलची काडी काढून पुसायची, बुडवायची, बघायची. पेट्रोल भरायचं ते गवतावर नाही, गेटजवळच्या सिमेंटवर, आणि तेही इंजिन थंड असतानाच. मध्येच पेट्रोल संपलं तर मशीन बंद करून काका कठड्यावर बसत आणि चहा मागवत. "गरम इंजिनाला पेट्रोल पाजायचं नसतं," हे त्यांचं वाक्य. समोरच्या गॅलरीतून अध्यक्ष हा चहा घड्याळ लावून बघत असत. कमिटीत या चहावर दोनदा चर्चा झाली.

पोशाखही ठरलेला. जुने, पुढून टणक बूट, पायभर पँट, डोळ्यांवर चष्मा, कानांत कापसाचे बोळे. आमच्या सोसायटीत हेल्मेट कोपरात अडकवून स्कूटर चालवणारे पुष्कळ. ते काकांना बघून हसायचे. "काका, चंद्रावर चाललात काय?" काकांच्या कानांत बोळे असल्याने त्यांचं काही बिघडत नसे.

लॉनवर एक जरी माणूस असला तरी ते मशीन सुरू करत नसत. कोणी उठायला तयार नसेल तर शांतपणे शेजारी जाऊन बसायचे. पाचेक मिनिटांत तो माणूस कंटाळून उठायचा. गवत फार खाली कापा, म्हणजे महिनाभर बघायला नको, असं कमिटीने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "केस कापायचे साहेब. टक्कल नाय करायचं."

इतकी काळजी घेणाऱ्या माणसाच्या मागे काहीतरी भयंकर घडलेलं असणार, यावर सोसायटीत एकमत होतं. फक्त काय घडलं यावर मतभेद होते. कोणी म्हणे त्यांच्या भावाचा पाय गेला. कोणी म्हणे यांच्याच हातून एक मूल जखमी झालं आणि तेव्हापासून हे असे झाले. माझी बायको दुसऱ्या मताची होती आणि कधीकधी त्यांच्या चहाबरोबर दोन बिस्किटं पाठवायची. शेवटी मी एकदा धीर करून विचारलंच.

"काका, पूर्वी कधी काही झालं होतं का? अपघात वगैरे?"

त्यांनी बराच विचार केला. मला वाटलं, आता सांगतात.

"नाय बा," ते म्हणाले. "सव्वीस वर्षांत काहीच नाय झालं. का?"

मी ही बातमी घरी सांगितली. बिस्किटं बंद झाली.

त्या वर्षी सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. ऑक्टोबरातला रविवार ठरला, संध्याकाळी कार्यक्रम, लॉनवर खुर्च्या. गवत शनिवारीच कापायचं होतं, पण शनिवारी मंडपवाल्याने तिथं बांबू टाकून ठेवले. रविवारी पहाटे एक सर येऊन गेली. सकाळी काका आले, त्यांनी वाकून गवतावर हात फिरवला आणि ओला तळवा मला दाखवला.

"दुपारपर्यंत सुकू दे साहेब. सपाटीवरचं तेव्हा करतो. उताराचं आज नाय."

आमचं लॉन एका बाजूला पंपघराकडे चांगलंच उतरतं. तोच भाग गेटमधून आत येताना पहिला दिसतो.

अध्यक्ष गॅलरीतून खाली आले. "दुपारी खुर्च्या लागणार. आत्ताच करा."

"ओल्या उतारावर नाय करत मी."

"नाही करत म्हणजे?"

"पाय सरकतो."

"मग राहू द्या. आम्ही करून घेतो," अध्यक्ष म्हणाले. हे 'आम्ही' म्हणजे मी, हे मला थोड्या वेळाने कळलं.

मी खरंच सांगतो, मला तेव्हा काकांचा राग आला होता. दोन तास खुर्च्यांची जुळवाजुळव करून मी वैतागलो होतो आणि हा माणूस तळहात दाखवत होता. माझ्या पायात सपाता होत्या. त्याच घालून मशीन घेऊन उतारावर गेलो. अध्यक्षांनी दोरी ओढली.

त्या मशीनच्या दांडीला लागून एक बारीक आडवी दांडी असते. ती हाताने दाबून धरली तरच पातं फिरतं. हात सुटला की सगळं बंद. पाच मिनिटांत माझी बोटं दुखायला लागली. हे अध्यक्षांच्या लक्षात आलं आणि त्यांच्यातला अभियंता जागा झाला. मंडपवाल्याची सुतळी घेऊन त्यांनी दोन्ही दांड्या एकत्र करकचून बांधल्या.

"आता बघा, किती सोपं झालं."

सोपं झालं होतंच. काका उतारावर नेहमी आडवे जायचे, पण वरून खाली गेलं की छान पट्टे उठतात, असं अध्यक्ष म्हणाले. मी वरून खाली निघालो. दुसऱ्याच पट्ट्याला माझा पाय सरकला. मी पाठीवर आदळलो आणि हात सुटला. मशीन मात्र थांबलं नाही. ते तसंच घरघरत, पातं फिरतंय अशा अवस्थेत, उतारावरून खाली सुटलं.

खाली पंपघरापुढच्या फरशीवर बायका रांगोळी काढत होत्या. चौघीजणी होत्या, त्यांत माझी बायको. सकाळपासून मीच त्यांना तिथं बसवलं होतं. पडल्या पडल्या मी ओरडायचा प्रयत्न केला, पण पाठीला असा दणका बसला होता की तोंडातून आवाज निघेना. मान वर करून मी खाली बघितलं.

फरशीवर कोणीच नव्हतं. अर्धवट रांगोळी होती, रंगांच्या वाट्या होत्या. मशीन मोराच्या पिसाऱ्यावरून गेलं, वाट्या उडाल्या आणि ते पंपघराच्या पायरीवर आपटून बंद पडलं.

काका घरी गेले नव्हते. मी मशीन घेऊन उतारावर जातोय हे बघून ते खाली बायकांकडे गेले होते. माझी बायको पुढे कित्येक दिवस तक्रारीच्या सुरात सांगायची, की माळीकाका आले आणि म्हणाले, "ताई, इथून उठा, पंपाचं पाणी सोडणाराय. रांगोळी भिजंल, तुम्हीपण भिजाल." चौघीजणी कुरकुरत गेटकडे गेल्या आणि तिथं नवी रांगोळी काढू लागल्या. पाणी काही सुटलं नाही. मशीन येईल, असं खरं सांगितलं असतं तर बायका हलल्या असत्या का? मला नाही वाटत. त्यांनी मान वर करून मला बघितलं असतं, हसल्या असत्या आणि पुन्हा मोराला लागल्या असत्या.

काका माझ्याकडे चढून आले. त्यांनी आधी माझी दोन्ही पावलं धरून बघितली, बोटं मोजावीत तशी. मग खाली जाऊन बंद पडलेल्या मशीनची टोपी काढली आणि मला लांबून दाखवली. मी मान हलवली. सुतळी सोडवून त्यांनी गुंडाळी केली आणि मंडपवाल्याला परत दिली.

कार्यक्रम छान झाला. अध्यक्षांनी भाषणात हिरवळीचा उल्लेख केला.

पुढच्या कमिटीच्या सभेत मशीनचं पातं आणि आतला दांडा वाकल्याचा विषय निघाला. काकांनी कामाला नकार दिल्यामुळे हे घडलं, असं अध्यक्षांनी मांडलं. सुतळीचा विषय कोणी काढला नाही. म्हणजे मी काढला नाही, कारण अध्यक्ष सोडले तर बाकीच्यांना तो माहीत नव्हता. बायकांना पाणी येतंय असं खोटं सांगून उगीच उठवलं, हीही तक्रार आली. हे काम एका एजन्सीला द्यायचं ठरलं. इतिवृत्त मीच लिहिलं. काकांना द्यायच्या पत्रावर सहीदेखील माझीच होती.

पत्र घ्यायला आले तेव्हा त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "एक दाखला द्या साहेब. लिहा, इतकी वर्षं काम केलं, एकपण अपघात नाय."

मी पेन उघडलं आणि तसाच बसलो.

"तुमचा धरू नका," ते म्हणाले. "तो माझ्या हातात नव्हता."

मी लिहिलं, शिक्का मारला. ते नमस्कार करून गेले. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी "सांभाळून जा" म्हणालो.

सुतळीची गोष्ट बायकोला सांगायला मला पाच महिने लागले. ती तोवर समजत होती, की हात सुटताच पातं थांबलं आणि मशीन नुसतं घरंगळत आलं; ऐकून तिने हातातली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही चौघी तिथंच असतो." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डब्यात बेसनाचे लाडू भरले आणि तो माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "जा."

मी रिक्षाने मोहन्याला गेलो. विचारत विचारत घर सापडलं. दोन खोल्या, पुढे फरशी, गवताची एक काडी नाही. काकांच्या बायकोने दार उघडलं. काका नव्हते. शहापूरकडे लेकीच्या घरी राहायला गेले होते. जावयाच्या शेळ्या होत्या, त्या सांभाळत होते. मावशी औषधपाण्यासाठी आठ दिवस इकडे आल्या होत्या, पुन्हा जाणार होत्या.

"आता गवत शेळ्याच कापतात," त्या म्हणाल्या. "हे नुसते बघत बसतात. बरं चाललंय."

मी डबा दिला. पाणी प्यायलो. मग एकदाचं सगळं सांगितलं. ओला उतार, सुतळी, माझं पडणं, आणि काकांनी पाणी सुटणार असं खोटंच सांगून माझ्या बायकोला कसं वाचवलं ते. मावशी पदराने डबा पुसत ऐकत होत्या.

"हे आम्हाला कधी बोलले नाहीत," त्या म्हणाल्या. मग मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाल्या, "पण तुमचा गैरसमज होतोय साहेब. खोटं बोलायचं त्यांना जमत नाय. लग्नाला चाळीस वर्षं झाली, मी वळखते ना. पाणी सोडायचंच असंल त्या दिवशी."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"असेल," मी म्हणालो.