नोंदीतली मुलगी

पणजोबांनी जंगल तोडून बेटेगावची जमीन केली, असं आमच्या घरात सांगत. साठच्या दशकात तारापूरच्या प्रकल्पासाठी मोजणीदार हिंडू लागले आणि मालकीचा कागद मागतील, अशी वडिलांना धास्ती बसली. पणजोबांच्या नावाची नोंद शोधायला त्यांनी मला पालघरच्या कचेरीत धाडलं. घरात मोडी फक्त मला वाचता यायची.

ती जमीन कसणारा वारली माणूस सोबत आला. वयाने वडिलांएवढा, तरी मी त्याला अरे-तुरेच करायचो. जमीन मूळची आपली, असं त्याची आजी सांगायची. "नाव निघालं तर आमची, नाय निघालं तर पुन्ना तोंड उघडणार नाय," असं तो वडिलांसमोर बोलला होता. वाटेत आजीच्याच गोष्टी चालल्या होत्या त्याच्या, नावानिशी.

कारकुनाने फडक्यात बांधलेली वही पुढे ठेवली. पान सापडलं, ते मी दोनदा वाचलं. जमीन एका वारली शेतकऱ्याची होती. त्याच्यामागे ती त्याच्या एकुलत्या मुलीच्या नावावर चढली होती. मुलगी लहान, म्हणून आमचे पणजोबा तिचे अज्ञान पालनकर्ते. ती मोठी होईपर्यंत त्यांनी जमीन सांभाळायची, एवढंच. आणि मुलीचं नाव ह्याच्या आजीचं.

"दादा, थांबलास का? वहीत वाघ बसलाय काय?"

"शाई पुसट आहे."

"माज्या आज्याचं नाव बग ना."

त्याचा आजा घरजावई. सासरच्या शेतात राबून मग लग्न झालेला. जमीन आली होती आजीकडून. पण सरकारी वहीत नाव बाप्याचंच असणार, असं तो धरून चालला होता. आजीचं नाव विचारायचं त्याला सुचलं नाही. ते माझ्या लक्षात आलं.

"आज्याचं नाव नाही," मी म्हणालो.

"नीट बग."

"नाही रे."

कारकून चष्मा पुसत उठला. "मोडी अडली का? आणा, मी वाचतो."

मी घाईने पान उलटलं. त्याने पुढची नोंद मोठ्याने वाचली, कुणाच्या तरी विहिरीची. आता हा मागचं पान बघेल, आता बघेल, म्हणून मी ते पान अंगठ्याने दाबून धरलं होतं. त्याने वही मिटली.

संध्याकाळी तो वारली माणूस आमच्या अंगणात आला. "चुकलो, मालक. म्हातारी उगाच बोलायची."

"अरे, म्हाताऱ्या माणसांचं काय घेऊन बसलास! चहा घे," वडील म्हणाले. पणजोबांचं नाव वहीत आहे, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. पुढे कित्येक वर्षं कचेरीतून पाकीट आलं की ते मीच आधी फोडायचो.

आता वडील आणि तो, दोघेही नाहीत. मी नोंदीची नक्कल काढली आहे. थोरला मुलगा म्हणाला, "बाबा, आता कशाला?"

त्या माणसाचे नातू बोईसरला कारखान्यात कामाला आहेत. उद्या त्यांच्याकडे जायचं आहे आणि मला भीती वाटते. ते विचारतील, आमच्या आज्याच्या आजीचं नाव तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं का?

हो. दिसलं होतं.