गोधडी पांघरलेले की-बोर्ड

फोन वासूच्या नंबरवरून आला म्हणून मी 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाही. रविवारची सकाळ होती. आदल्या दिवशी मी त्याला शब्द दिला होता, की उद्या पहिल्या एस.टी.नं अमरावतीला येतो. प्रत्यक्षात मी अकोल्यातल्या घराच्या गच्चीवर उन्हाला पाठ देऊन, नातवाला मांडीवर घेऊन शेंगा सोलत बसलो होतो. फोन कानाला लावला आणि समोरच्याला तोंड उघडू न देता नेहमीसारखं ठोकून दिलं, "हो बे, येऊन राहिलो ना! बडनेऱ्याजवळ आलो." पलीकडून वासूच्या वहिनींचा, कमलवहिनींचा आवाज आला. "या मास्तर. वासूभाऊ गेले. झोपेतच गेले. तुमी बडनेऱ्याले आलेच, तं थांबतो आमी."

आणि ते थांबले. बडनेऱ्याहून अमरावती हाकेच्या अंतरावर, मी पोचलो तेव्हा मात्र बारा वाजून गेले होते. अंगणात माणसं ताटकळली होती, भटजींनी दोनदा घड्याळ पाहिलं असावं, आणि वासूचे थोरले भाऊ, रामभाऊ, फाटक धरून उभे होते. मला कोणी काही विचारलं नाही. कमलवहिनीच सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "गाडी लेट झाली असन," आणि मी मान डोलावली. पस्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं, खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं. त्या दिवशी मला उभं करायला कोणी नव्हतं.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. 'येऊन राहिलो' म्हणजे आमच्याकडे 'येतो आहे'. पण बोलणाऱ्याच्या पायात चपला असतीलच असं काही नाही. जेवायला बसलेला माणूस येऊन राहिलेला असतो, अंघोळीला गेलेलाही येऊनच राहिलेला असतो. ऐकणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. तो मनातल्या मनात तास-दीड तास वाढवून घेतो आणि आपल्या कामाला लागतो. यात कोणी कोणाला फसवत नाही. निदान मी तरी तसंच समजत होतो.

वासुदेव आणि मी अमरावतीला एका कॉलेजात होतो. त्याच्या घरचा धंदा फुलांचा. तो पहाटे हार गुंफून कॉलेजात यायचा, त्यामुळे त्याच्या बोटांना कायम झेंडूचा वास असे. गॅदरिंगमध्ये त्यानं पेटी वाजवली, मी टेबल बडवलं, आणि तिथून आमचा ऑर्केस्ट्रा उभा राहिला. पुढे मी ऑक्टोपॅडवर आलो. रबरी चौकोनांवर काड्यांनी मारायचं, आतून तबला, ढोलक, म्हणाल ते वाजतं. वासूला मात्र की-बोर्ड हवा होता. अचलपूरचा एक बँडवाला आपला जुना की-बोर्ड काढून टाकतोय असं कळलं, तेव्हा आम्ही दोघं तो आणायला गेलो. दिवस कडाक्याच्या थंडीचे. वासूनं घरून आईची गोधडी नेली होती. तीत गुंडाळून की-बोर्ड मांडीवर घेऊन तो एस.टी.त बसला. कंडक्टर म्हणाला, हे टपावर टाका. वासू भडकला. "काहून? लेकराले कोनी टपावर टाकते का?" कंडक्टरही वऱ्हाडीच निघाला. "मंग हाफ तिकीट फाडू का त्याचं?" सारी गाडी हसली. वासू हसला नाही. अचलपूरशेजारच्या परतवाड्यापासून अमरावतीपर्यंत त्यानं गोधडीचं टोक सोडलं नाही.

मग आमचे दिवस आले. चांदूर रेल्वेची लग्नं, अकोटचे गणपती, कुठे कुठे वाजवलं त्याला गणती नाही. पुढे मला अकोल्यात शाळा मिळाली, तरी सुटीच्या दिवशी काड्या पिशवीत घालून मी जात असे. आणि मग डीजे आला. एका पोराच्या बोटाखाली अख्खा ऑर्केस्ट्रा मावायला लागला, तेव्हा आम्हाला कोण विचारतो! गावोगावच्या मंडळींनी दुकान आवरलं. त्यांचे की-बोर्ड कपाटांवर गेले, खाटांखाली गेले. वासू एस.टी.नं गावोगाव फिरून ते मागून आणू लागला. अकोटला एकाच्या घरी की-बोर्डवर कांदे पसरलेले पाहून तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "कांद्याले मी टोपली देतो. हे मले द्या."

हे सगळं त्यानं ठेवलं कुठे, तर घराशेजारच्या गॅरेजमध्ये. रामभाऊंनी ते टेम्पोसाठी बांधलं होतं, पण टेम्पो आत कधी गेलाच नाही. तिथे फुलं गेली. झेंडू-शेवंतीचे ढीग ओल्या पोत्यांखाली ठेवायचे आणि दिवसातून चारदा वर पाणी मारायचं. तोंड उत्तरेला, दोन्ही बाजूंना घरं, ऊन म्हणून आत शिरत नसे. मे महिन्यात अख्खी अमरावती कूलरपुढे बसलेली असताना तिथे अंगावर काटा यायचा, आणि पौषात तर फरशीवर पाय ठेववत नसे. अशा जागेच्या अर्ध्या भागात वासूनं अकरा की-बोर्ड, दोन ऑक्टोपॅड आणि स्पीकरची चळत आणून लावली. मधे विटांची एक रांग. रामभाऊ म्हणत, "इकडे पानी, तिकडे करंट. एक दिवस दोनी मिळून मले मारतीन." म्हणत तेवढंच. विटा त्यांनीच आणून दिल्या होत्या.

फुलांना गारवा हवा आणि यंत्रांना कोरडी हवा, म्हणजे दोघांचं लग्न लावणंच कठीण. वासूनं वहिनींची जुनी लुगडी घेतली, आत अकोटचा कापूस भरला, आणि प्रत्येक की-बोर्डाच्या मापाची गोधडी स्वतःच्या हातानं शिवली. प्रत्येकीवर लाल दोऱ्यानं गावाचं नाव: अचलपूर, अकोट, चांदूर. दुपारी त्या अंगणात वाळत टाकायच्या, ऊन उतरायच्या आत परत पांघरायच्या. मांडणीच्या खालच्या फळीवर पिवळे बल्ब, ओल धरू नये म्हणून. आणि एक नियम. गोधडी काढली, की बल्बच्या उबेत आतली ओल सुकेपर्यंत, अर्धा तास, कशालाही हात लावायचा नाही. "गार अंगानं कोनाले उठवू नाइ. मानूस असो का बाजा असो." एकदा थंडीत मी घाई केली, आल्या आल्या बटण दाबून पट्ट्या बडवल्या. आतली ओल सुकली नव्हती. अकोटच्या की-बोर्डचा मधला 'ग' त्या दिवशी मुका झाला तो कायमचा. वासू फक्त "बह्याडा", म्हणजे 'येड्या', एवढंच म्हणाला. पुढे त्यावर वाजवताना तो त्या 'ग'च्या बाजूनं असा वळसा घालून जाई, की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. मला लागत असे.

त्यानं लग्न केलं नाही. सकाळी हार, दुपारी गॅरेज. की-बोर्ड खोलायचे, पुसायचे, पुन्हा लावायचे, वाजवायचे. ऐकायला कोण, तर विटांपलीकडची शेवंती. आमची शेवटची बैठक झाली त्याला दोन हिवाळे लोटले. बोटांची टोकं कापलेले लोकरी हातमोजे घालून तो अचलपूरच्या बाजावर बसला होता, आणि मी कानटोपी बांधून ऑक्टोपॅडवर. तोंडातून वाफ निघत होती. तासभर वाजवलं. मनगटं दुखत होती माझी, पण हात मात्र विसरले नव्हते. मी घड्याळ पाहिलं तसं तो म्हणाला, "आजून एक होऊ दे बे."

"गाडी हाय ना."

"गाड्या तं दिवसभर हायेत."

"पुढच्या रविवारी येतो बे."

"येजो," तो म्हणाला. मी चपला घालेपर्यंत त्यानं पाठमोरा होऊन गोधड्या घालायला सुरुवात केली होती.

पुढचा रविवार आला नाही. दर महिन्या-दीड महिन्यानं शनिवारी मला त्याची आठवण उचंबळून यायची, मी फोन करायचो, उद्या येतो म्हणायचो, सकाळी "येऊन राहिलो" म्हणायचो, आणि मग बायकोचे गुडघे, कोणाच्या पोरीचं साक्षगंध, नातवाचा ताप. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा निव्वळ आळस. दोन तासांचा तर रस्ता! दुपारी मी ओशाळून फोन करावा, तर हा म्हणे, "बरं बरं. निघालं असन काई काम." आवाजात तक्रारीचा लवलेश नाही. मला वाटे, यालाही फारसं पडलेलं नाही. मला ते सोयीचं होतं.

तेरवीची जेवणं आटोपल्यावर कमलवहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. "मास्तर, त्या दिवशी तुमी बडनेऱ्याले नव्हते ना?"

मी नाही म्हणालो.

"मले तवाच समजलं. मागं तुमचा नातू रडून राहिला होता."

"मग थांबवलंत कशाला सगळ्यांना?"

"वासूभाऊ थांबले असते म्हणून." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "तुमचा फोन आला का ते सकाळीच जाऊन साऱ्या गोधड्या काढून ठेवत. मी म्हनो, कायले काढता? मास्तर काई येत नाइ. येऊन राहिलो म्हनलं म्हनजे येनं असते का? तं म्हनत, मलेबी माहीत हाय, वहिनी. पन एखादखेपी खरंच आला तं? बाजा गार राहीन ना... मंग दुपारी पुन्यांदा पांघरून घालत."

मला रडू आलं नाही. राग आला, आणि आधी त्याचाच आला. एकदा तरी शिवी हासडायची होतीस लेका, माझ्यावर ओरडायचं होतंस. मी धावत आलो असतो. आलो असतो का?... मला माहीत नाही, आणि हे माहीत नसणंच आता माझ्याजवळ उरलं आहे.

आता मी रविवारी जातो. कळवत नाही, निघतो. रामभाऊंनी अजून विटांच्या पलीकडे एकही पोतं ठेवलेलं नाही. लग्नसराईत ठेवावं लागेल, हे त्यांनाही कळतं आणि मलाही. गेल्या रविवारी मी शटर वर केलं, गोधड्या एकेक करून काढल्या, घडी घालून ठेवल्या. अर्धा तास थांबायचं होतं, म्हणून वासूच्या खुर्चीत बसलो, तर की-बोर्डांकडे माझी पाठ झाली. झाडताना कोणीतरी खुर्ची हलवली असेल असं वाटून मी उठून ती फिरवायला लागलो, तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या कमलवहिनी म्हणाल्या, "राहू द्या. वासूभाऊनंच तशी ठेवली हाय."

मी परत तसाच बसलो. तिथून शटरबाहेर गल्लीचं तोंड दिसतं. बस स्टँडकडून येणारे ऑटो तिथेच वळतात. फरशी बर्फासारखी होती, मी पाय वर घेतले. दोन ऑटो वळले, ते आधीच्या घरांशी थांबले. तिसरा फाटकाजवळ येऊन हळू झाला. मी उठून उभा राहिलो... तो पुढे निघून गेला.