नांतच्या काचघरात अनवाणी

मी आज जो काही आहे तो माझ्या मोठ्या काकीमुळे. आईवडील गेल्यावर माकुणसार गावी, आमच्या पानवेलींच्या वाडीत तिनेच मला वाढवलं. ती पहाटे विड्याची पानं खुडायची, करंड्या भरून रेल्वेने पाठवायची, उंच गेलेल्या वेली दरवर्षी खाली उतरवून पुन्हा मातीत पुरायची, आणि त्यावर मी पालघरच्या कॉलेजातून पदवीधर झालो. घरातला पहिलाच. पुढे तारापूरच्या एका कारखान्यात लागलो, बोईसरला खोली घेतली.

मागच्या वर्षी वाडी विकायची गोष्ट निघाली. धाकट्या काकांना पोहायच्या तलावांसकट बंगले बांधणारा खरेदीदार मिळाला होता. वाडी काका, काकी आणि मी अशा तिघांच्या नावावर. काका तयार, काकी साफ नाही म्हणणारी. ऐकली तर ती माझंच ऐकेल, म्हणून सगळं माझ्या होकारावर अडलं.

खरेदीदाराची माणसं आली तेव्हा मी तिथेच होतो. ती बूट घालूनच पानवेलीत शिरायला लागली. आमच्याकडे पानवेलीत कुणी पायांत काही घालून जात नाही.

"ओ दादा, बूट भाईर काढा!" काकी ओरडली.

"का मावशी, देऊळ आहे का?" त्यातला एक हसला.

"देव रागावला तर नारळावर भागतं. वेल मेली तर तुमचा बाप भरून देनार हाय?"

"वहिनी, पावण्यांना असं बोलतात काय?" काका.

"पावणे हायेत ना? मंग बूट काढतील."

माणसं कुंपणावरूनच परत गेली. काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू शिकलेला हाय, तूच समजव तिला. बोईसरला तुजा फ्लॅट होईल." परदेशातून आल्यावर सांगतो, एवढंच मी म्हणालो. नवं यंत्र शिकायला कंपनी मला फ्रान्समधल्या नांत शहरात पाठवत होती.

तिथे एका रविवारी आमच्या साहेबांबरोबर शहराची जुनी सार्वजनिक बाग बघायला गेलो. राजांच्या काळातल्या औषधी झाडांच्या बागेतून वाढलेली, अगदी स्टेशनसमोर. एवढ्या मोक्याच्या जागेवर कुणाचाच डोळा गेला नसेल, हे मला पटत नाही. तरी झाडं उभी होती आणि बाकांवर म्हातारी माणसं निवांत ऊन खात होती.

उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी बागेत काचेचं घर आहे. आत शिरलो तर वाडीसारखीच दमट हवा, आणि खांबावर चढलेली आपली पानवेल! मी विचारही केला नाही. बूट-मोजे काढून बाजूला ठेवले.

"अहो, काय करताय? लोक बघतायत," साहेब कुजबुजले.

"सर, पानवेल आहे."

"मग? हे काय तुमचं गाव आहे?"

तेवढ्यात रखवालदार बाई आली. फरशी ओली आहे, बूट घाला, असं इंग्रजीत म्हणाली. माझं इंग्रजी मोडकं, पण आवाज मोडका नव्हता. या वेलीपाशी आम्ही पायांत काही घालत नाही, मी तिला सांगितलं. हवं तर मला बाहेर काढा, बूट घालून मी इथे उभा राहणार नाही. तिने वेलीकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, "घसरू नका" म्हणाली आणि पुढे गेली. साहेब माझी ओळखच नसल्यासारखे लांब जाऊन केळीचे फोटो काढत राहिले.

या लोकांनी परक्या वेलींसाठी काचेचं घर बांधलं, थंडीत त्यांना ऊब पुरवतात. आणि आमच्या उघड्या आभाळाखाली वाढणाऱ्या वेलींवर आम्ही पोहायचे तलाव खणू देणार?

बाहेरच्या बाकावर बसून मी काकीला पत्र लिहिलं. घरचा फोन काका उचलतात. कागद मात्र ती स्वतः अक्षर लावून वाचते.

"प्रिय काकी, सा. न.

इथल्या बागेत आपली पानवेल भेटली. पानं बारकी आहेत, तू नाक मुरडशील. तिच्यापुढे मी बूट काढले. साहेब लाजले, मी नाही.

वाडी विकायला मी होकार देणार नाही. आता नाही, पुढेही नाही. हे काकांना मोठ्याने वाचून दाखव. रागावले तर माझ्यावर रागावू देत, मला फ्लॅट नको. ती माणसं परत आली तर आधी बूट काढायला लाव, आणि काढले तरी वाडी मिळणार नाही म्हणून सांग.

वेली एकटीने उतरवू नकोस. मी आलो की दोघं मिळून उतरवू."