आभाळाला मिशा

पंचशीलाबाई मूळच्या मुडबीच्या. भालकीच्या आमच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात त्यांची सत्तावीस वर्षे गेली. देशोदेशींच्या लोककथा त्या मुलांसाठी मराठीत लिहीत, चित्रे स्वतः काढीत आणि झेरॉक्स करून वाटत. निवृत्तीपूर्वी एक तरी खरे छापील पुस्तक व्हावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

शेवटी आडत व्यापारी लिंगराज शेठ छपाईला तयार झाले. आमच्याकडे देणगी आली की देणाऱ्याच्या दिवंगत वडिलांचा फोटो मागोमाग येतोच. मग ती पाण्याची टाकी असो की स्मशानातला बाक. शेठांचे वडील कै. गुंडेराव अप्पा तालुक्यात अकरा ठिकाणी आहेत.

कथा फिलिपाईन्सची होती. पूर्वी आभाळ इतके खाली होते की माणसे वाकूनच चालत. धान्य कांडताना एका म्हातारीचे मुसळ त्याला लागे. ती ‘सरक’ म्हणे, ते सरकेना. मग तिने असे हाणले की ते वर गेले ते गेलेच. म्हातारीला बाईंनी आपल्या आजीचा, सुभद्राबाईंचा चेहरा दिला होता.

“अप्पा पानापानावर पाहिजेत, वरच्या बाजूला,” शेठ म्हणाले.

“जागा न्हाई, अण्णा.”

“ही म्हातारी काढून टाका की. कामून पाहिजे ती?”

“ती गेली तर गोष्टच न्हाई.”

“मग छपाई बी न्हाई.”

बाईंनी आठवड्यात चित्रे पुन्हा काढली. म्हातारी जागच्या जागी राहिली, आभाळाला मात्र अप्पांचा चेहरा आला: फेटा, मिशा, कपाळी विभूती. शाळा समितीने पट्टी लावून चेहरा मोजला आणि समाधान व्यक्त केले. मजकूर कोणी वाचला नाही. पुस्तक मुलांचे होते.

प्रकाशनाला सात शाली आणि दोन तास भाषणे झाली. मग चौथीतली मंजुश्री चित्र दाखवत मोठ्याने वाचू लागली, “म्हातारीने मुसळ उचलले आणि आभाळाच्या हनुवटीवर हाणले.”

शेठ बाईंकडे वळले. “अप्पाला हाणायलीय व्हय ही?” मग मुनीमाला म्हणाले, “गठ्ठे गाडीत टाक.”

पहिल्या रांगेत शेठांच्या आई राजूबाई बसल्या होत्या. त्यांनी पुस्तक मागून घेतले, डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिले.

“ऱ्हाऊ दे, लिंगराज. चाळीस वर्षं मी वाकूनच चालले त्या घरात. मुसळ तर माझ्याबी हातात होतं.”

गाडी रिकामी परतली. अप्पांचे हे बारावे ठिकाण. मुले त्यांच्याकडे बघतात असे मात्र पहिलेच. मुसळाचे पान फाटायला आले आहे.