सकाळची उंची

लकडगंजातल्या धान्याच्या गोदामात तो हमाल होता. ऑफिसला जाता-येता मला रोज दिसे. चार पोती उतरवली की दोन्ही हातांनी तुळईला लोंबकळायचा आणि म्हणायचा, "कंबर मोकळी करून राहिलो, बाबू."

एकदा आमच्या खात्यात चौकीदारांची भरती निघाली. पोत्यांतून सुटायची त्याची तेवढीच वाट होती. सुट्टी मिळाली नाही, म्हणून दिवसभर ओझी वाहून तो संध्याकाळी आला. उंची मी मोजली. अर्धा इंच कमी भरली.

"मी सकायी उंच राहतो, बाबू. उद्या कामाच्या आधी येतो, तवा मोजा ना मले."

"काहून गा, रात्री बायको खत घालते काय तुले?" शिपाई म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो आणि 'अपात्र' लिहिलं.

तो पोती वाहत राहिला. पुढे पार वाकला, पण मला रामराम करायचं त्याने सोडलं नाही.

म्हातारपणी माझी पाठ धरली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या ओझ्याने दबतात आणि रात्री झोपेत पुन्हा फुगतात. माणूस सकाळी खरंच थोडा उंच असतो.

तेव्हा मला हे कुठे ठाऊक होतं, असं मी मनाशी म्हणून पाहिलं. पण मोजणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालू होती. मी त्याला फक्त 'ये' म्हणायचं होतं.