घेरी येणारा वीर

खाडीवरच्या आमच्या होडीवाल्याकडे आगबोटीवरच्या मेव्हण्याने आणलेलं इंग्रजी चित्रांचं पुस्तक होतं. पाठीवर बैलासारखी लाल झूल टाकून उडणारा त्यातला वीर त्याचा भारी लाडका. वाचता येत नसल्यामुळे गोष्ट तो स्वतःच रचायचा आणि वल्हं मारता मारता आम्हाला सांगायचा. त्याचा वीर बायकोला टरकायचा, आणि उंच गेला की त्याला घेरी यायची.

"मग उडता कित्याक?" मी एकदा चिडून विचारलं. तो हसून वल्हं मारू लागला.

पुढे एका दुपारी आम्ही होडीत असताना भर खाडीत वारा उठला, होडी कलंडायला आली. तो देवाचा धावा करत होता, पण वल्हं थांबलं नाही. काठाला लागल्यावर तो मटकन बसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "खाली माणसां आसत ना, म्हणान उडता."